किल्ली मिळेपर्यंतची उमेदवारी

सहा आठवड्यांच्या उमेदवारीत माणसाकडे जमून जमून किती किस्से जमणार? आमची वर्षभर लांबली, त्यामुळे माझा साठा मोठा आहे! मी पुण्याहून रॉटरडॅमला शिकायला आले आणि कोरोनाची पुढची लाट आली. खोलीत मी एकटी. कुणीतरी 'ये गं' म्हणावं म्हणून मी विद्यार्थिनींच्या एका मंडळात नाव नोंदवलं. आधी उमेदवारी, मग दीक्षेचा समारंभ, मगच मंडळाच्या घराची किल्ली. तोवर बेल वाजवायची आणि थांबायचं.

आईला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं.

"म्हणजे प्रोबेशनच की! मलाही बँकेत होतं," ती म्हणाली. "पण मला निदान पगार मिळायचा!"

*

उमेदवारीचा उद्देश एकच, प्रत्येक सीनियरशी नीट ओळख व्हावी. एरवी हे कॉफी पिता पिता होतं. कॅफे बंद, म्हणून आम्ही दीड मीटर अंतर ठेवून नदीकाठी चालायचो. वाऱ्यात निम्मं ऐकूच यायचं नाही. मंडळाची अध्यक्ष फ्लूर ओरडून विचारत होती, "तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

मीही ओरडले, "एकटं राहण्याची!"

समोरून येणारे आजोबा सायकलवरून उतरले. म्हणाले, "मलाही!"

*

समारंभाला सगळ्याजणी एका खोलीत हव्यात, हा मंडळाचा नियम. घरी पाहुणा एकच, हा सरकारचा. तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. ओळख व्हायला वेळ लागतो हे मला पटत होतं, पण किती? प्रत्येक वेळी फ्लूर म्हणायची, "अजून थोडे दिवस, उमेदवार!" आणि मला रडू यायचं.

माझ्याबरोबरची उमेदवार लॉटे तर भडकलीच. "एवढ्या वेळात माझी बहीण प्रेमात पडली, त्याच्याकडे राहायला गेली आणि परतही आली!"

*

हिवाळ्यात मंडळाच्या घरात राहणाऱ्या सगळ्याच आजारी पडल्या. मी रोज मुगाची खिचडी करून सायकलवरून न्यायचे आणि दाराशी ठेवायचे. खाली येऊन दार उघडण्याचंही त्राण कुणात नव्हतं. शेवटी फ्लूरनं वरच्या खिडकीतून किल्ली टाकली. "जिन्यावर ठेव, उमेदवार."

त्या बऱ्या झाल्या. किल्ली कुणी परत मागितली नाही, मीही विषय काढला नाही. बेल वाजवायची सवय मात्र मोडली.

*

उन्हाळ्यात नियम सैल झाले आणि एकदाचा समारंभ ठरला. मेणबत्त्या, काळे कपडे, सगळ्यांचे चेहरे गंभीर. फ्लूर भारदस्त आवाजात म्हणाली, "उमेदवार, आज आम्ही तुला या घराची किल्ली देत आहोत."

मी हात पुढे केला. तिनं लाकडी पेटी उघडली. पेटी रिकामी!

फ्लूर माझ्या कानाशी वाकली.

"अगं, दे ना लवकर!"