ओव्याचा काढा आणि उरलेले धोंडे

परवा बायकोने ओवा भाजायला घेतला आणि त्या वासासरशी मी लग्नानंतरच्या पहिल्या अधिक महिन्यात जाऊन पोचलो. संगमनेरजवळची सासुरवाडी, जावयाला पुरणाचे धोंडे खाऊ घालायची रीत, आणि पोटाचा नगारा झालेला जावई मी! नको म्हणावं तर मान जाणार, हो म्हणावं तर बहुधा जीव.

तेवढ्यात सासूबाई ओवा-हिंगाचा काळपट काढा घेऊन आल्या. मला दाट संशय आला: पोटात जागा करून पुन्हा वाढायचा हा डाव!

"मामी, याला शास्त्रीय आधार काय?"

"आधी प्या गपगुमान. अन् दिवे लागस्तोवर तोंडात काय घालायचं न्हाई, न्हाईतर औशद उलटतं."

धोंड्यांचं ताट घेऊन आलेली चुलतसासू दारातच थबकली. "मंग ह्यांचं काय करू?"

"झाकून ठेव."

दिवे लागले तेव्हा मी माणसांत आलो होतो.

ओव्याने आतड्याचा पीळ सैलावतो असं प्रयोगशाळेत दिसलंय म्हणे, पण माणसांवरचे पुरावे तोकडेच आहेत, आणि दिवे लागेपर्यंत न खाण्याच्या पथ्याचा तर कुठे उल्लेखच नाही. म्हणून आता माझा संशय वेगळा आहे: ते पथ्य सासूबाईंनी मला वाचवायला उभ्या उभ्या रचलं असणार. विचारलं तर त्या अजूनही गालात हसतात.

"गुन आला ना, पाव्हनं? मंग झालं तर!"