बरक्यातलं विलायती घर

ओमानातल्या बरक्याच्या उन्हात घरात शेकोटी बांधून घेणारा माणूस रमणने पहिल्यांदाच पाहिला. अर्बाब, म्हणजे मालक, नूरुद्दीन तरुणपणी इंग्लंडात शिकायला होते. तिथे एका शेतकऱ्याच्या जुन्या दगडी घरात ते राहिले आणि ते घर त्यांच्या मनातून कधी निघालंच नाही. आता उतारवयात त्यांनी आपल्या खजुरीच्या बागेत अगदी तसंच घर बांधायला काढलं. हातभराहून रुंद भिंती, दगडी चौकटींच्या बुटक्या खिडक्या, छपरावर खाली मोठ्या आणि वर लहान होत जाणाऱ्या दगडी फरश्या, आणि बैठकीच्या खोलीत माणूस आत उभा राहील एवढी शेकोटी. एसी बसवायला आलेला माणूस ते धुरांडं बघून हसत सुटला.

रमण हसला नाही. तो कुडाळकडचा गवंडी, बापाच्या हाताखाली चिरा लावायला शिकलेला. ओमानात आला आणि सगळी उमर सिमेंटचे पोकळ ब्लॉक रचण्यात गेली. वर प्लॅस्टर, त्यावर रंग. आपली भिंत कुठली हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. आणि आता, कायमचं घरी जायची वेळ आलेली असताना, हातात पुन्हा दगड आला. मस्कतमधली वादी अदाईची खोली सोडून तो बागेतच राहायला आला. भिंतीला आतून-बाहेरून तोंडाचे दगड, मधे भर, आणि दोन्ही तोंडांना धरून ठेवायला अधूनमधून एक आरपार लांब दगड, सगळं चुन्यात. एकेक दगड उलटसुलट फिरवून तो त्याची बैठक शोधायचा. इतका खूश तो कित्येक वर्षांत नव्हता.

एकदा चहा पिताना अर्बाबनी सांगितलं, की तिकडचे जुने गवंडी एखाद्या दगडावर आपली खूण कोरून ठेवत, तूही ठेव. रमणने खूणबीण नाही, सरळ नावच कोरलं, दाराच्या उजव्या अंगाला, छातीच्या उंचीवर. बायकोला, मैनाला, फोनवर सांगताना गडी चक्क लाजला. मैना म्हणाली, निघताना नावाशेजारी उभं राहून फोटो काढून आणा, माजघरात लावू.

त्या नावापायी तो भिंतीला जास्तच जपू लागला. कोकणातल्या गवंड्याला ताज्या बांधकामावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारल्याशिवाय चैन पडत नाही. चुना कालवायला टँकरचं पाणी यायचं, पण बेताचं. म्हणून रमणने बागेतल्या विहिरीचा पाइप भिंतीकडे वळवला. त्याच पाण्यावर खजुरी डवरल्या होत्या, मग दगडाला त्याचं काय वावडं असणार? पाणी चाखून बघावं हे त्याच्या मनातही आलं नाही. गावाकडे विहिरीचं पाणी कोण चाखून बघतं? नावाच्या दगडाला तर तो लाडाने जरा जास्तच भिजवायचा.

उन्हाळा लागला आणि भिंतीवर पांढरं काहीतरी फुलून आलं. हात लावला की दगडाचं तोंड पापुद्र्यासारखं सुटून हातात यायचं. साइट इंजिनियर धनंजय पुण्याचा, रमणला काका म्हणणारा. त्याने ती पूड जिभेला लावली आणि मीठ आहे म्हणाला. समुद्र जवळ, बागेतली विहीर खारावलेली. खजुरीला ते चालतं, दगडाला चालत नाही.

"मग गोड्या पाण्याने धुवून काढू," रमण म्हणाला. "टँकर मी मागवतो."

"काका, आता भिजवलं तर आतलं मीठ विरघळून बाहेर येईल आणि वाळताना आणखी दगड फोडेल."

"वरून गिलावा करू."

"मग मीठ आत कोंडलं जाऊन दगड फोडेल." धनंजयला त्याच्याकडे बघवेना. "आता हात न लावणं, एवढंच आपल्या हातात आहे."

हात न लावणं रमणला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. रोज सकाळी तो सवयीने पाइपापाशी जायचा आणि तसाच परत फिरायचा. दारापाशी पडलेली पूड झाडून काढायचा, दुपारपर्यंत पुन्हा पडायची. राग काढावा तर कुणावर? पाइप त्यानेच वळवला होता. मूल डोळ्यांदेखत झिजावं आणि बापाने नुसतं बघत राहावं, तशी त्याची गत झाली.

शेवटी त्याने अर्बाबसमोर जाऊन सगळं कबूल केलं. शिव्या खायची मनाची तयारी होती. अर्बाबनी झडलेल्या भिंतीवरून हात फिरवला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अच्छा है, रमण. अब पुराना माफिक दिखता. उधर भी ऐसाच था."

त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

निघायच्या दिवशी धनंजय त्याला विमानतळावर सोडायला गाडी घेऊन आला. बॅग गाडीत ठेवून रमण दगडापाशी गेला. अक्षरं गेली होती. वरच्या रेघेचा बोटभर तुकडा तेवढा उरला होता, तोही त्याच्या श्वासाने पडेल असा. तेवढ्यात मैनाचा फोन आला.

"फोटो काढलात मां?"

"आता काढतंय."

"तुमचा नाव नीट वाचूक येता मां?"

रमणने दगडाकडे पाहिलं.

"येता," तो म्हणाला.

मग त्याने फोन धनंजयच्या हातात दिला आणि दगड पुरता झाकला जाईल असा भिंतीला पाठ टेकून उभा राहिला. धनंजयने फोटो काढला. गाडीत बसण्याआधी त्याने काकांच्या शर्टावरची पांढरी पूड हलकेच झटकली.