ज्याची त्याची जागा

सोमवार. साच्यात लोखंड कसं भरेल, याचं गणित संगणकावर लावायचं होतं. उत्तर संध्याकाळपर्यंत आलं नाही, तर उद्याची भट्टी थांबणार होती.

आमच्या कागलच्या फौंड्रीतला संगणकवाला गणिताचे तुकडे दोन प्रोसेसरांवर जागा नेमून बसवतो. "ताई, ज्या तुकड्याची मेमरी ज्या प्रोसेसरजवळ, त्यानं तिथंच बसायचं. हिंडायचं न्हाय!" स्वतः मात्र दिवसभर माझ्या टेबलाशी, माझ्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीवर डोळा ठेवून.

दुपारी गणित रेंगाळलं. गप्पांच्या नादात त्यानं सगळे तुकडे एकाच प्रोसेसरवर कोंबले होते, दुसरा रिकामाच.

"व्हय की, चुकलंच!" म्हणत त्यानं निम्मे तुकडे मेमरीसकट तिकडं हलवले. उत्तर वेळेत आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या टेबलाजवळची त्याची खुर्ची संगणकाच्या खोलीत नेली. हिंडायला निमित्त नको, म्हणून चटणीचा डबाही तिथंच ठेवला.