हरभऱ्यांवरचं ओलं फडकं

मंठ्याहून, पोरीच्या शाळेच्या ग्राउंडवरून लिहून राह्यले. इथं कुणाला सांगू, म्हणून ग्रुपवर तुम्हालाच सांगते.

आज सानूच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन. काल तिनं भिजवलेल्या हरभऱ्यांत टूथपिक खोचून, त्रिकोणाला त्रिकोण जोडत नारळाएवढी गोल आकृती केल्ती. ती झोपल्यावर मला वाटलं, हे हरभरे सकाळपर्यंत सुकून जातील, मंग सगळंच गळून पडेल. मोड आणायला झाकतो तसं मी वरून ओलं फडकं टाकलं.

सकाळी फडकं काढलं तर आकृती एका अंगाला बसलेली! हरभरे लिबलिबीत, काड्या सैल.

सानू रडली न्हाई. त्याचीच मला जास्त भीती वाटली. एवढंच म्हणली, "मम्मी, ते वाळायलाच पाहिजे होते. वाळले की काडीला बराबर धरतात."

तिनं एकेक काडी परत दाबून बसवली. आता शाळेच्या पायरीवर, उन्हात आकृती वाळून राह्यली. परीक्षक शेजारच्या वर्गापर्यंत आलेत. जरा वारं आलं की माझा हात आपोआप पुढं जातो.

"मम्मी, तू बिलकुल हात लावू नको. लांब उभी राह्य."

उभी आहे. दोन्ही हातांनी पर्स धरून. आकृती थोडी हलते, पण अजून पडली न्हाई.

तुम्हाला जमतं का हो, पोरांचं असं लांबून बघत राहणं? मला कुणी शिकवा. जल्दी.