चादरीवरचा सारस

आमच्या बोळात चादरींची नक्षी काढणारे एक गृहस्थ राहत. ग्राफच्या कागदावर एकेक चौकोन रंगवताना ते तेलुगूत स्वतःशीच पुटपुटत. हवेत तरंगणारा कापूस पापण्यांवर उतरला तरी पुसत नसत.

लढाईनंतरच्या वर्षी एका हेलिकॉप्टर तुकडीनं त्यांच्या कारखान्याला आपलं बोधचिन्ह चादरीवर विणायला दिलं. चिन्ह होतं पंख पसरलेला सारस. सोबत तुकडीच्या इतिहासाचं इंग्रजी पत्र आलं. मी शाळामास्तर, म्हणून ते मीच त्यांना वाचून सांगितलं. तुकडीनं पुरात धान्य टाकलं होतं, बर्फातून जखमी आणले होते. एक हेलिकॉप्टर मात्र, आतल्या जवानांसकट, परतलं नव्हतं.

त्यांनी चिन्हातल्या सारसावर बोट ठेवलं.

“मास्तर, ह्यो पक्षी जायलाय का यायलाय?”

“निघालाय वाटतं,” मी म्हणालो.

चादर विणून झाली. सुलट बाजूला कारखान्याचं लेबल शिवायची पद्धत, पण यांनी ते शिवू दिलं नाही. मी कारण विचारलं, तेव्हा त्यांनी उंबऱ्याशी चादर पसरली. सारस दाराबाहेर निघाला होता. मग त्यांनी ती अलगद उलटी केली. तोच सारस, रंग बदलून, घरात येत होता.

“सुलट कुठली, ते त्या जवानांच्या घरच्यांनाच ठरवू द्या की, मास्तर.”