अम्मीची गोळी, अब्बांची बोटं

माझ्या अब्बांचं पौडला किराणा दुकान आहे. प्लॅस्टिकच्या पिशव्या कितीही आल्या, तरी डाळ-साखर कागदातच बांधायची आणि वर दोऱ्याची गाठ मारायची, हा त्यांचा हट्ट. पोराने उड्या मारत नेली तरी पुडी सुटायची नाही. नेमका गाठ मारणाऱ्या त्या बोटांनाच संधिवात झाला. डॉक्टरांनी बजावलं होतं, "चाचा, गोळ्या सोडल्यात तर बोटं वाकतील, मग सरळ होणार नाहीत."

मी पिरंगुटकडच्या एका प्रयोगशाळेत उंदरांवर औषधं तपासते. "आमची लेक उंदरांची डाक्टरीण हाय," असं अब्बा गिऱ्हाइकांना सांगतात. मी चिडते, आणि त्यांना तेच हवं असतं.

एकदा जेवताना मी मोठ्या आनंदाने सांगून बसले. चिंता कमी करणारं एक औषध आम्ही उंदरांना दिलं आणि त्यांच्या पायांची सूज उतरली! शरीरातल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, त्यातून सूज चढते. हे औषध तो निरोपच वाटेत अडवतं. अब्बांचा घास हातात राहिला.

"म्हंजी तुझ्या अम्मीच्या गोळीसारकं?"

"हो, तसलंच," म्हणत मी भात वाढून घेतला.

पुढे अम्मीची घबराटीची गोळी लवकर संपायला लागली. बिचारीला वाटलं, आपणच विसरून दोनदा घेतोय. त्या विचाराने तिची घबराट आणखी वाढली. इकडे अब्बा दुकानात बसल्या बसल्या डुलक्या काढायला लागले.

एका दुपारी मी दुकानात शिरले, तर अब्बा आंबेमोहराच्या पोत्याला टेकून घोरतायत. पुडी उघडी, दोरा बोटाला तसाच गुंडाळलेला, बोटं टम्म सुजलेली. गल्ल्याशेजारी त्यांच्या संधिवाताच्या गोळ्यांचं पाकीट पडलेलं, फोडलेलंसुद्धा नाही. माझं डोकंच फिरलं.

"अब्बा! स्वतःच्या गोळ्या सोडून अम्मीच्या खाताय? अहो, तुम्ही काय उंदीर आहात? उंदरांत जमलं म्हणजे माणसांत जमतं, असं कोण बोललं तुम्हाला?"

दारातलं गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं. अब्बा डोळे चोळत उठले, तोंड एवढंसं करून म्हणाले, "तू उंदरांचं सांगितलंस तवा मला वाटलं, पोरगी सरळ सांगायला लाजतीया. तू हे समदं माझ्याच बोटांसाठी शोधतीयास न्हवं?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. जगात एवढे रोग असताना मी सुजेचंच काम का धरलं, हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मला रडू आवरेना.

मी त्यांच्या बोटाचा दोरा सोडवला आणि त्यांची स्वतःची गोळी तळहातावर ठेवली.

"आधी ही घ्या. माझी तयार व्हायला अजून लई वेळ हाय."

अब्बांनी गोळी गिळली. "मग थांबतो की," म्हणाले. "मला कुटं जायचंय?"