थोडे हसले

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही. सांगितलं असतं तर पेपराआडून ‘बरं, मग?’ एवढंच आलं असतं. तुम्हाला सांगतेय. तुम्हालाच का, ते विचारू नका.

आम्ही नारायण पेठेतल्या काही जणी अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून मोबाईलवर रेकॉर्ड करतो. कपड्यांच्या कपाटात डोकं घालून, वरून गोधडी ओढून. रिक्षा आणि शेजारचा कुकर आत यायला नको ना! हसू नका, आवाज फार छान येतो. माझा तर जरा जास्तच. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं मी — ळ म्हणजे ळ, ण म्हणजे ण. सगळ्यांची रेकॉर्डिंगं माझ्याकडे येतात, मी तपासते, माझ्याच फोनवरून मुलांना पाठवते. मुलं बोलून उत्तरं पाठवतात. तीही फक्त मलाच.

वंदना त्या मुलांपैकीच. यवतमाळकडची, जन्मापासून दृष्टी नाही, बी.ए.साठी पुण्यात आलेली. माझ्या आवाजावर अभ्यास केला तिने. मग पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणाऱ्या फोनला तिचा हात सरावला, आणि एक दिवस तिनेच एक धडा रेकॉर्ड करून पाठवला. धाकट्या मुलांसाठी. वाचलेला नव्हे — सांगितलेला. फ्रेंच राज्यक्रांती. ‘काहून झाली क्रांती? भाकर भेटे नाही, म्हून झाली!’

मी तो मुलांना पाठवला. का? खरं सांगू? मुलं तक्रार करतील म्हणून. ‘बाई, तुमचंच बरं’ असं कुणीतरी म्हणेल म्हणून.

कुणीही म्हणालं नाही. दुपारभर फोन वाजत राहिला. एक मुलगा म्हणाला, इतिहास पहिल्यांदा कळला. एक मुलगी म्हणाली, ही ताई आमच्यासारखंच बोलते — मग मीपण एक धडा सांगून पाठवू का? इतकी वर्षं वाचतेय मी. मला कुणी कधी असं विचारलं होतं?

मी ते निरोप एकेक करून पुसले.

संध्याकाळी वंदनाचा फोन. पोरायले कसं वाटलं, विचारत होती. मी म्हटलं, अगं, तुझी भाषाच समजली नाही त्यांना, आणि परीक्षेत असं चालतं का? ती हळूच म्हणाली, “हासले का जी, काकू?”

मी म्हटलं, “थोडे.”

झालं. एवढंच. चिडून नाही, आवाज चढवून नाही. नंतर मी मेथी निवडायला बसले. तेव्हा मला काय वाटलं? आठवत नाही — खरंच आठवत नाही. पुढेही फारसं काही वाटलं नाही. याची लाज वाटायला हवी, हे कळतं. तीही धड वाटत नाही.

तिने पुन्हा धडा पाठवला नाही. ‘मीपण धडा पाठवू का’ विचारणाऱ्या त्या मुलीला मी उत्तरच दिलं नाही, तिनेही परत विचारलं नाही. तोच धडा मी कपाटात शिरून माझ्या आवाजात केला. भाकरीच्या जागी ‘अन्नधान्याची तीव्र टंचाई’. त्यावर कुणाचा काही निरोप आला नाही.

वंदना आता लोणी काळभोरला एका कॉलेजात इतिहास शिकवते. परवा तिने आपल्या तासाचं रेकॉर्डिंग पाठवलं. मी ओट्यापाशी उभी राहून ऐकलं. ळ म्हणजे ळ, ण म्हणजे ण. मी जिथे श्वास घेते, तिथेच तीही घेते. ‘अन्नधान्याची तीव्र टंचाई हे त्याचं प्रमुख कारण होय.’ भाकर कुठेच नाही. शेवटी माझ्यासाठी वेगळं बोलली होती — काकू, आता कुणीही हसत नाही. आपल्यामुळे.

मी बटण दाबून ‘छान’ म्हटलं आणि पाठवून दिलं.